जवाईबापूले फ्लॅश दाखवाचा होता

कॅमेऱ्याले फ्लॅश घ्याचा आहे हे मी बाहेर बोललो, तीच माझी पहिली चूक. सौंसरात माणसानं दुसरं लग्न करतो म्हटलं तर दोन-चार जण सल्ला देतील. फ्लॅश घेतो म्हटलं तर सारा बजार चौक सल्ला देते. अन् त्यातल्या एकानंही जन्मात फ्लॅश हातात धरला नसते.

माझा स्टुडिओ बसस्टँडच्या मागं आहे. तीस वर्षं झाली. फॉर्मचा फोटो, शाळेचा फोटो, गेलेल्या माणसाची मोठी फ्रेम, अन् सीझन आला का लग्नं. चारशेच्या वर लग्नं काढली मी. शिक्षण म्हणाल तर सहावी, तीही अर्धवट. पण कोणत्या पाहुण्याले किती तिरपं उभं केलं का त्याचं पोट झाकते, हे मले बरोबर समजते. याची परीक्षा कोणी घेत नाही, नाहीतर पहिला आलो असतो.

मागच्या साली माझा जुना कॅमेरा गेला. मंग नागपूरच्या एका ओळखीच्या फोटोवाल्याकडून मी मिररलेस घेतला, सेकंडहँड. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. कॅमेरा एक नंबर आहे, त्याले मी नाव ठेवत नाही. पण त्याले स्वतःचा फ्लॅश नाही. माझा जुना फ्लॅश त्याच्या डोक्यावर चढवला तर बसते बरोबर, पण पेटत नाही. नुसता बसून राह्यते, रुसलेल्या व्याह्यासारखा.

हे मले माहीत कधी पडलं, तर माझ्या सख्ख्या भाचीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात.

भाची म्हणजे प्राजक्ता. माझी लहान बहीण वंदना पांढुर्ण्याले दिली आहे, तिची ही एकुलती एक पोरगी. साक्षगंधाचा कार्यक्रम हॉलमध्ये होता, वरती सारे पिवळे दिवे. फोटो असे आले का नवरदेवाले कावीळ झाली, अन् नवरीच्या टिकलीखाली नुसता अंधार. प्राजक्ता बिचारी म्हणे, "मामा, चांगले आहेत." पण तिच्या बापानं फोटो पाहून मोबाईल उलटा करून ठेवून दिला.

तिचा बाप योगेश, म्हणजे आमचे जवाईबापू. पांढुर्ण्याले सरकारी ऑफिसात बाबू आहे. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पण बहिणीचा नवरा म्हणजे जवाई. त्याले 'तुम्ही' म्हणाचं, पहिलं ताट त्याच्यासमोर ठेवाचं, अन् तो काही बोलला तर आपण हसाचं, असा नियम आहे. हा नियम ज्यानं केला त्याले बहीण नसन.

दोन दिवसानं जवाईबापूनं मले घरी बोलावलं. चहा दिला. म्हणे, "दादा, वाईट मानू नका. नागपूरची एक पार्टी आहे. ड्रोन आहे त्यायच्याकडे. पोरीचं लग्न एकदाच होते."

मी हसलो. नियम आहे.

आतून प्राजक्ता आली. म्हणे, "बाबा, फोटो मामाच काढतील. नागपूरवाले आले तर मी पदर तोंडावर घेऊन बसन."

जवाईबापूनं डोळे मिटले. ऑफिसात फाईल लांबवाची असली का ते असेच डोळे मिटत असतील. म्हणे, "ठीक आहे. पंधरा दिवसात दादा फ्लॅश आणतील, अन् माझ्यासमोर पेटवून दाखवतील. नाही दाखवला तर मी नागपूरवाल्याले हो म्हणतो. तेव्हा तू मधात बोलाचं नाही."

पेटवून दाखवतील. मी काय फटाके विकतो? पण मी तेही हसण्यावर नेलं. घरी येताना बसमध्ये मात्र माझं डोकं तापून राह्यलं. सख्ख्या भाचीचं लग्न ज्या फोटोवाल्याले मिळालं नाही, त्याले परका माणूस आपलं लग्न कायले देइन? सौंसरातल्या प्रत्येक घरात हीच गोष्ट होइन. मंग मी फ्रेमाच विकत बसावं.

आता फ्लॅश घेणं म्हणजे भाजी घेणं नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कंपनीचा फ्लॅश एवढा महाग का त्यात माझी अर्धी स्कूटी येते. म्हणून दुसऱ्या कंपनीचा घ्याचा, चिनी. त्यातही दोन जाती. एक स्वस्त, त्याले सारं हातानं सांगा लागते, किती उजेड फेक, किती नको. दुसरा थोडा महाग, तो कॅमेऱ्याले विचारून स्वतःच ठरवते. लग्नात हातानं बटण फिरवत बसलो तर तिकडं वरमाला पडून लोक जेवाले बसतात. म्हणून मले दुसरा पायजे होता. एवढं मी स्वतःच्या अकलेनं ठरवलं होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर सुखी असतो.

पण माझ्या स्टुडिओच्या भिंतीले भिंत लागून दत्तात्रय गुरुजी राह्यतात. रिटायर मास्तर. सहावीत मले यायनंच नापास केलं होतं, गणितात. त्याले चाळीस वर्षं होऊन गेली, पण ते मले पाह्यतात तेव्हा अजून उत्तरपत्रिका पाह्यल्यासारखंच पाह्यतात.

मोबाईलवर फ्लॅशचे फोटो पाहून राह्यलो होतो तर ते मागं येऊन उभे.

"दादाराव, हे जी.एन. साठ लिहिलं आहे, हे काय होय?"

म्हटलं, "ताकद होय, गुरुजी. जेवढा आकडा मोठा तेवढा फ्लॅश दमदार."

"ताकद नाही. भागाकार आहे." गुरुजींनी खिशातून खडू काढला. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, खिशात खडू आहेच. माझ्या स्टुडिओच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर त्यायनं लिहिलं. "लेन्सचा आकडा पाच पूर्णांक सहा. आता साठ भागिले पाच पूर्णांक सहा, किती?"

समोर दोन गिऱ्हाईकं उभी. मी हळूच म्हटलं, "दहा."

"पुढं?"

"पुढं नवरदेव उभा राह्यते, गुरुजी."

गिऱ्हाईकं हसली. गुरुजी नाही हसले. त्यायनं शटरवरच माझ्या उत्तराले फुली मारली. म्हणे, "दहा पूर्णांक सात मीटर. तेवढ्या दूर उजेड जाते. तू होता तसाच आहे." ती फुली चार दिवस शटरवर होती. रोज सकाळी शटर वर करताना माझ्या नाकासमोरून जाय.

मंग मी पांढुर्ण्याले केतनच्या दुकानात गेलो. केतन आमच्या नात्यातला, मोबाईल विकते, अन् ऑनलाईन काही मागवाचं असलं का लोक त्याच्याकडेच जातात. त्याले सांगतलं, असा असा पायजे. त्यानं दोन मिनिटात काढला. म्हणे, "काका, हे चार आहेत, चारही सारखेच. हा वाला दोनशेनं कमी आहे."

मी पाह्यलं. खरंच सारखे दिसत होते. म्हटलं, टाक.

पाच दिवसानं आला. कॅमेऱ्यावर चढवला, टक करून बसला. बटण दाबलं, भक्कन पेटला. मी एवढा खूश झालो का शेजारच्या हॉटेलातून स्वतःच्या पैशानं चहा मागवला. तेवढ्यात शांताबाई आल्या, फॉर्मले फोटो पायजे होता. त्यायले बसवलं, फोटो काढला. फोटोत शांताबाईचं नाक गेलं. डोळे होते, कुंकू होतं, खाली तोंड होतं, मधात पांढरं. उजेड कमी करून पाह्यला, कमी होत नाही. जेव्हा पेटन तेव्हा पुऱ्या ताकदीनंच. शांताबाई म्हणे, "दादाराव भाऊ, नाकाचे पैसे कमी करान का?"

फ्लॅश उलटा करून पाह्यला. त्याच्या पायाखाली, जिथं तो कॅमेऱ्यावर सरकते, तिथं धातूचे बारके ठिपके असतात. त्या ठिपक्यातूनच कॅमेरा फ्लॅशले सांगते का किती पेट. प्रत्येक कॅमेरा कंपनीचे ठिपके वेगळे. केतननं दोनशे रुपये वाचवून दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचा मागवला होता. म्हणजे माझा कॅमेरा बोलून राह्यला होता अन् फ्लॅशले समजून नाही राह्यलं.

केतनले फोन केला. म्हणे, "काका, तुम्हीच तर टाक म्हणाले."

तो वापस केला. दुसरा मागवला, बरोबर वाला. या टायमाले पत्ता माझ्या स्टुडिओचा टाकला. अन् इथं मी आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली. जवाईबापूले चांगुलपणानं फोन करून सांगतलं का वस्तू निघाली आहे.

ते म्हणे, "पत्त्यात जिल्हा कोणता टाकला?"

म्हटलं, "पिनकोड टाकला का छिंदवाडा आपोआप येते."

ते म्हणे, "दादा, पांढुर्णा जिल्हा केव्हाचा झाला, सौंसर त्यातच आलं. छिंदवाडा लिहिलेला कागद माझ्या टेबलावर आला तर मी वापस करतो. अन् घरचेच लोक असं करतील तर कसं? दुरुस्त करून घ्या."

आता सांगा, जवाई आहे. मी कस्टमर केअरले फोन केला. ती पोरगी गोड बोलत होती. म्हटलं, "मॅडम, जिला पांढुर्णा करना है." ती म्हणे, "जी सर, कर दिया." अन् केलं तिनं. पार्सल तोवर नागपुरातून निघालं होतं. आता जुन्या चिठ्ठीवर छिंदवाडा, नवीन चिठ्ठीवर पांढुर्णा, अन् पिनकोड सौंसरचा. त्या पार्सलनं तरी जावं कुठं?

नागपूर-छिंदवाडा रोड आमच्या गावावरूनच जाते. पार्सल छिंदवाड्याले गेलं, म्हणजे आमच्या गावातून गेलं. तिथून त्यायनं नागपूरले वापस धाडलं, म्हणजे आमच्या गावातून वापस गेलं. मंग पुन्हा छिंदवाडा. तीन वेळा माझा फ्लॅश माझ्या डोळ्यासमोरून गेला अन् मी रोडवर उभा. मोबाईलवर दाखवे, गाडी सौंसर पार. मी प्रत्येक ट्रककडे असा पाहो का जसा त्यात माझा हरवलेला बैल आहे. एका ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, "बाबूजी, तबीयत ठीक है ना?"

कस्टमर केअरवाली म्हणे, "सर, आपका पार्सल आपके बहुत नज़दीक है." म्हटलं, मले माहीत आहे बाई, मले त्याच्या गाडीचा धूर लागून राह्यला.

शेवटी पुन्हा फोन करून म्हटलं, जो मनात येइन तो जिल्हा टाका, मी तिथं राहाले जातो. तवा कुठं पार्सल आलं. चौदाव्या दिवशी, शनिवारी. एक दिवस राह्यला.

मी डब्बा उघडाले गेलो तर आमच्या घरची, प्रमिला, मधात आली. म्हणे, "जामसांवलीच्या मारुतीले दाखवल्याशिवाय हात लावाचा नाही. मागचा दाखवला नव्हता, पाह्यलं ना, शांताबाईचं नाक गेलं."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्कूटीवर दोघं जामसांवलीले गेलो. शनिवार, ही गर्दी. फ्लॅश पायरीशी टेकवला, नारळ फोडला, घरी आलो. तिनं घरी पुन्हा देवघरासमोर ठेवून हळद-कुंकू केलं. मी तवा हातपाय धुवत होतो. हे लक्षात ठेवा का मी तिथं नव्हतो.

रविवारी सकाळी जवाईबापू तपासणीले स्टुडिओत हजर. सोबत वंदना अन् प्राजक्ता. प्रमिलाही माझ्यासंग आली होती. शेजारचे गुरुजी न बोलावता आले. मी फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला, प्राजक्ताले खुर्चीवर बसवलं, म्हटलं, "हस बाई," अन् बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. फ्लॅशचा दिवा लागलेला, बॅटरी पुरी भरलेली, अन् पेटत नाही. मी काढला, पुन्हा चढवला. बंद केला, चालू केला. प्राजक्ताचं हसू दुखाले लागलं, पण पोरीनं सोडलं नाही.

गुरुजी म्हणे, "अंतर चुकलं असन."

म्हटलं, "गुरुजी, पेटतच नाही तर अंतर कायचं?"

जवाईबापूनं खिशातून मोबाईल काढला अन् नंबर शोधाले लागले. वंदना म्हणे, "अवो, थांबा जरा." ते म्हणे, "पंधरा दिवस थांबलो मी." त्या टायमाले माझ्या मनात जे आलं ते मी सांगत नाही. मी चीनले शिव्या दिल्या, केतनले दिल्या, कस्टमर केअरले दिल्या. जवाई सोडून सगळ्याले दिल्या. तीस वर्षांचा फोटोवाला, अन् स्वतःच्या स्टुडिओत, बहिणीसमोर, भाचीसमोर उभा आहे हातात मुका फ्लॅश धरून.

नंबर लागेपर्यंत वेळ जावा म्हणून जवाईबापूनं दुसऱ्या हातानं फ्लॅश उचलला. पाह्यला. मंग आपलं बोट पाह्यलं.

"दादा, हे लाल काय होय?"

मी फ्लॅश उलटा केला. पायाखालच्या त्या बारक्या ठिपक्यांवर, ज्याच्यातून कॅमेरा अन् फ्लॅश बोलतात, बरोबर त्याच्यावर, हे मोठं कुंकवाचं बोट. ओलं करून लावलेलं, वाळून टणक झालेलं. त्याच्यावर हळद वेगळी.

मी प्रमिलाकडे पाह्यलं.

ती म्हणे, "माझ्याकडे काय पाह्यता? समोर काच आहे, तिथं लावलं असतं तर तुम्ही बोंबलले असते. मागं स्क्रीन आहे, तिथं लावलं असतं तरी बोंबलले असते. म्हणून खाली लावलं, जिथं कोणाले दिसत नाही. तुमच्या भल्यासाठीच केलं."

जवाईबापूनं देवाच्या कुंकवाले नाव ठेवाचं तर वंदना बाजूलेच उभी होती. तिकडून फोन लागला होता, हॅलो हॅलो ऐकू येत होतं. त्यायनं फोन बंद केला.

गुरुजींनी खिशातून खोडरबर काढलं. मानलं त्या माणसाले. चष्मा वर करून त्यायनं एक-एक ठिपका खोडला, अशा तब्येतीनं का जशी कोणाची चूक खोडून राह्यले. मी चढवला. दाबलं. छताकडे तोंड करून फ्लॅश पेटला, अन् उजेड वरून सगळ्या खोलीत उतरला. फोटोत प्राजक्ता अशी आली का वंदनानं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच तिची नजर काढली.

जवाईबापू म्हणे, "बरं." एवढंच. पण त्यायच्या तोंडून बरं निघणं म्हणजे मंजुरीचा शिक्काच होय.

लग्न पांढुर्ण्याले लॉनवर होतं, संध्याकाळच्या मुहूर्तावर. मी दुपारपासून कामाले लागलो. मंडपाचं छत पांढऱ्या कापडाचं होतं. फ्लॅश वर केला का कापडावरून उजेड असा उतरे का म्हातारे जवान दिसत होते. हळद काढली, वरात काढली, रुसलेली आत्या काढली, तिले मनवतानाचाही काढला. जवाईबापू दोनदा जवळ येऊन कॅमेऱ्याच्या मागं डोकावून गेले. दुसऱ्यांदा म्हणे, "चांगले येऊन राह्यले." मी हसलो, अन् या टायमाले नियम म्हणून नाही.

मुहूर्त जवळ आला. अंतरपाट धरला. लग्न लावणारे महाराज तयार. मी समोर जागा पकडली, एक गुडघा टेकवला, फ्लॅश वर केला. नवरीच्या मागं जागा खाली. चारशे लग्नात जे होते तेच. ऐन टायमाले मामा गायब.

महाराज म्हणे, "मुलीचा मामा?"

मीही ओरडलो. सवयच आहे. "मुलीचा मामा कुठं आहे? या बरं लवकर, नवरीच्या मागं उभे राहा. लाईट चांगला आहे."

कोणी हललं नाही.

"अवो, मामाले बोलवा ना कोणी. मुहूर्त निघून राह्यला. कसा मामा आहे हा, आता पान खाले गेला काय?"

मंडपात सारे माझ्याकडे पाहून राह्यले. मले वाटलं माझ्या मागं कोणी आहे. मी मागं वळून पाह्यलं. मागं बँडवाला होता.

वंदना म्हणे, "दादा."

"थांब वंदना, मामा येऊ दे."

"दादा, मामा तूच होय."

चारशे लग्नं काढली मी. चारशे मामायले धरून-धरून नवरीच्या मागं उभं केलं. पंधरा दिवस ठिपके पाह्यले, भागाकार केला, ट्रकच्या मागं धावलो, पण मंगलाष्टकं होताना मामानं नवरीच्या मागं उभं राहा लागते अन् तो मामा मी आहे, हे एकदाही डोकशात आलं नाही. अन् नुसतं माझ्याच नाही. जवाईबापूनं पुऱ्या लग्नाची यादी कॉम्प्युटरवर केली होती. 'फोटो'समोर दादाराव, 'मामा'समोरही दादाराव. दोन्ही त्यायनंच टाईप केलं होतं. सरकारी माणूस आहे, एका माणसाले दोन टेबल देणं त्यायले साधी गोष्ट.

सारा मंडप हसाले लागला. अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव हसून राह्यला होता, कापड हलून राह्यलं होतं. प्राजक्ता नाही हसली. ती मागं वळून म्हणे, "मामा, या ना." आवाज रडका झाला होता.

जवाईबापू म्हणे, "मंग फोटो कोण काढन? म्हणून मी नागपूर—"

तेवढ्यात प्रमिलानं माझ्या गळ्यातून कॅमेरा काढला. तीस वर्षं तिनं माझी बॅग उचलली, लाईट धरले, बॅटऱ्या भरल्या. कॅमेऱ्याले हात लावला तर मी ओरडतो.

मी म्हटलं, "अवो, ते अर्धं दाबाचं, मंग पुरं. अन् फ्लॅश..."

"वर करून ठेवाचा. माहीत आहे. तुम्ही तिकडं जा, पोरगी उभी आहे."

मी जाऊन उभा राह्यलो. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मागून हातानं सांगून राह्यलो, डावीकडं सरक, खाली बस, जवळ ये. तिनं एकदाही माझ्याकडे पाह्यलं नाही. ती त्यायच्या-त्यायच्या जागेवर एकेकाले नीट करून राह्यली होती. अन् मंग ती मोठ्यानं म्हणे, "जवाईबापू, पोट आत घ्या जरा."

मंगलाष्टक म्हणणारा क्षणभर थांबला. एवढ्या वर्षांत आमच्या घराण्यातलं कोणी त्या माणसाले असं बोललं नव्हतं. अन् जवाईबापूनं गपचूप पोट आत घेतलं. अक्षता पडल्या, पोरगी हुंदका देऊन मागं माझ्या छातीले टेकली, अन् तिकडं फ्लॅश पेटला.

आता अल्बमचं सांगतो. त्या लग्नात फोटो मी काढले सहाशे. प्रमिलानं काढले अकरा. प्राजक्तानं कव्हरले निवडला तो त्या अकरातला, तो अक्षता पडतानाचा. त्यात पोरीचे डोळे भरलेले, जवाईबापू पोट आत घेऊन देवासारखे उभे, अन् मी मागं, हात वर, तोंड उघडं. प्राजक्ताले म्हटलं, बाई, यात मी बोंबलून राह्यलो. ती म्हणे, "म्हणूनच तर घेतला, मामा."

मी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाह्यला. तीन दिवस पाह्यला. कोणाची मान कापली नाही. कोणाचे डोळे मिटले नाही. नवरीचं नाक जागेवर. उजेड जसा पायजे तसा. चौथ्या दिवशी मले सापडलं. मी प्रमिलाले बोलावलं. म्हटलं, "हे पाहा. फोटो जरासा तिरपा आहे."

तिनं पोळी लाटता-लाटता उठून पाह्यलं. म्हणे, "मंडप तिरपा होता."

अशी बाई आहे. आपली चूक मंडपावर टाकते. मले राहवलं नाही. हातात पुरावा पायजे म्हणून मी पांढुर्ण्याच्या मंडपवाल्याले, अंकुरले फोन लावला. म्हटलं, "भाऊ, खरं सांगजो. आमच्या भाचीच्या लग्नातला तुमचा मंडप सरळ होता ना?"

तो हळू आवाजात म्हणे, "काका, डाव्या बाजूचा एक बांबू चार बोटं खचला होता. पण हे तुमच्या जवाईबापूले सांगू नका, हिशोब बाकी आहे. तुमच्या ध्यानात आलं कसं?"

म्हटलं, "फोटोत दिसलं."

तो म्हणे, "चार बोटं फोटोत पकडली? पक्का फोटोवाला दिसते. कोण होता?"

मी म्हटलं, "ठेव फोन."